दुधीचे फूल आणि कुंपणावरचे पतंग

धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या परसबागेत दुधीचे तीन वेल मांडवभर पसरले होते. पाने पंजाहून मोठी, फुलेही पुष्कळ, पण फळ मात्र नाही. बोटाएवढी बारकी फळे दिसायची आणि चार-सहा दिवसांत पिवळी पडून गळायची. ऑगस्ट महिना होता. बागेची जबाबदारी असलेल्या शिक्षकांनी आम्हाला सरळ प्रश्न केला, "खत कमी पडतंय का, सर?" आम्ही पाने पाहिली, त्यांवर तांबड्या भुंगेऱ्यांनी पाडलेली भोके पाहिली आणि सल्ला दिला: निंबोळी अर्क फवारा, मात्र सकाळी फवारू नका, संध्याकाळी सहानंतर फवारा, म्हणजे मधमाश्यांना त्रास होणार नाही. हा सल्ला पुस्तकी आहे आणि बऱ्याच पिकांसाठी तो योग्यही आहे. पंधरा-वीस दिवसांनी आम्ही पुन्हा तेथे गेलो. भुंगेरे कमी झाले होते. दुधीला एकही फळ नव्हते. त्याच मातीत वाढलेल्या, कुंपणावर चढलेल्या गिलक्याच्या वेलाला मात्र फळे लटकत होती.

कोडे सुटायला सुरुवात झाली ती सातवीतल्या एका मुलीमुळे. ती म्हणाली, "दुधीचं फूल तर दिवस मावळताना उघडतं, सर. आपण फवारतो तेव्हाच."

दुधीचे फूल संध्याकाळी उमलते हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही असेल. पण सल्ला देताना ते आठवले नाही, कारण आमच्या डोळ्यांसमोर 'कीटक' म्हटल्यावर फक्त मधमाशी होती. चूक आमची होती. ती कशी झाली हे नीट सांगितले तर परसबागेतल्या निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो, म्हणून हा लेख.

एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुले

दुधी, दोडका, गिलके, कारले, काकडी, लाल भोपळा ही सगळी मंडळी एका कुळातली. या कुळातल्या बहुतेक भाज्यांच्या एकाच वेलावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी येतात. ओळखायला भिंग लागत नाही. नर फूल लांब, सडपातळ देठावर उभे असते. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली त्या त्या फळाची चिमुकली प्रतिकृती असते: दुधीच्या फुलाखाली लव असलेला इवलासा दुधी, कारल्याच्या फुलाखाली खरबरीत कारले. मुलांना एकदा दाखवले की ती पुन्हा चुकत नाहीत.

पण येथेच एक गैरसमज होतो. ही प्रतिकृती म्हणजे फळ नव्हे, ते फुलाचे अंडाशय आहे. नर फुलातले परागकण मादी फुलाच्या कुक्षीवर पडले, रुजले, त्यांच्या परागनलिका खाली उतरून बीजांडांपर्यंत पोचल्या आणि फलन झाले, की वाढू लागलेल्या बियांतून वृद्धिसंप्रेरके बाहेर पडतात. अंडाशयाला वाढण्याचा निरोप मिळतो तो त्यांच्याकडून. हा निरोप आला नाही तर वेल त्या अंडाशयाचे अन्नपाणी तोडतो. अंडाशय पिवळे पडते आणि गळते. आपण म्हणतो 'फळ गळाले'. प्रत्यक्षात फळ धरलेलेच नसते.

परागकण थोडेच पोचले तर काय होते? काही बीजांडांचे फलन होते, काहींचे होत नाही. ज्या बाजूला बिया धरल्या ती बाजू फुगते, दुसरी बारीक राहते. वाकडी काकडी, एका टोकाला पोचट राहिलेला दुधी मिळाला तर तो कापून बिया कोठे भरल्या आहेत ते वर्गात पाहावे. नेहमीच नाही, पण पुष्कळदा वेडेवाकडेपणाचे कारण तेथे सापडते.

गळण्याची दुसरी दोन कारणेही लक्षात ठेवावीत. वेल फुलावर आला की पहिले आठ-पंधरा दिवस बहुधा नर फुलेच येतात. ती गळणारच, त्यात बिघडलेले काही नाही. दुसरे कारण फळमाशी. ही माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आतला गर खातात आणि फळ सडून पडते. तेव्हा गळलेले फळ उचला आणि ब्लेडने उभे चिरा. आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर फळमाशी. अळ्या नाहीत, गर स्वच्छ आहे आणि बीजांडे ठिपक्यांएवढीच राहिली आहेत, तर परागण झालेले नाही. आश्रमशाळेतली गळलेली फळे आम्ही दुसऱ्या भेटीत चिरली. एकातही अळी नव्हती. हे पहिल्याच भेटीत करायला हवे होते.

फुलांचे घड्याळ

या कुळातले परागकण जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. म्हणजे ने-आण करायला कोणीतरी हवे. हा 'कोणीतरी' कोण हे ठरते फूल केव्हा उघडते त्यावरून.

लाल भोपळ्याचे (गंगाफळाचे) पिवळेधमक फूल पहाटे उघडते आणि दुपारपूर्वी मिटते. काकडी, कारले सकाळची. गिलके पहाटेपासून सकाळपर्यंत उमलते. या फुलांवर सातेरी मधमाश्या, लहान फुलोरी माश्या, काळे भुंगे यांची गर्दी असते. दोडका मात्र उन्हे कलल्यावर उघडू लागतो, तोही फिकट पिवळा आणि मंद वासाचा. दुधी त्याच्या मागोमाग, दिवस मावळतीला. पडवळाचे पांढरे फूल, ज्याच्या पाकळ्यांच्या कडा दोऱ्यांच्या झालरीसारख्या असतात, ते रात्रीचे.

गिलके आणि दोडका यांची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ही सख्खी भावंडे, एकाच प्रजातीगटातली. हाताने परागण केले तर दोघांचा संकर होतो. पण परसात एकाच कुंपणावर दोन्ही वेल वर्षानुवर्षे चढत असूनही त्यांची सरमिसळ सहसा दिसत नाही. एकाचे फूल उघडते तेव्हा दुसऱ्याचे मिटलेले असते, हे त्याचे एक कारण. भिंत न बांधता केवळ वेळ वेगळी करून दोन जाती वेगळ्या राहतात. उत्क्रांतीचा पाठ शिकवताना हे उदाहरण दूरच्या कुठल्या बेटांवरच्या पक्ष्यांइतकेच चांगले आहे आणि ते शाळेच्या कुंपणावर मिळते.

स्वीडनचा कार्ल लिनिअस याने १७५१ साली निरनिराळ्या वेळी उमलणाऱ्या फुलांचे 'घड्याळ' सुचवले होते. आपल्या परसात ते आयतेच असते. पाटीवर बारा तासांचे वर्तुळ काढून कोणते फूल केव्हा उघडते ते मुलांना भरायला सांगा. ढगाळ दिवशी वेळा थोड्या सरकतात, तेही त्यांना दिसेल.

अंधारातले पाहुणे

दुधीचे फूल पांढरे, उघडे, मंद सुगंधी. अंधारात दिसावे आणि वासाने सापडावे असे. सांजवेळी त्याच्यासमोर पाच-दहा मिनिटे न हलता उभे राहिलो तर भुर्रकन एक मोठा करड्या रंगाचा पतंग येतो. फुलावर बसत नाही, समोर हवेतच तरंगत राहतो आणि लांब सोंड आत घालतो. एखादा छोटा पक्षी आला असे वाटते. हे हॉकमॉथ. त्यांतल्या एका सर्वपरिचित जातीचे पंख पसरले की आठ-दहा सेंटिमीटर भरतात, पोटावर गुलाबी-काळे पट्टे असतात आणि सोंड शरीराहून लांब असते. आफ्रिकेत, म्हणजे दुधीच्या मूळ मायभूमीत, दुधीच्या फुलांवर येणाऱ्या कीटकांत हे पतंग आढळले आहेत. याखेरीज लहान पतंग, भुंगेरे आणि सकाळी फूल मिटण्यापूर्वी येणाऱ्या मधमाश्या हेही थोडेफार काम करतात. दुधीचा सगळा भार एकट्या हॉकमॉथवर आहे असे म्हणणे बरोबर नाही. पण रात्रीची पाळी कोणीच केली नाही तर सकाळच्या पाळीवर भागत नाही.

आता हा पतंग येतो कोठून? परसबागेत तो जन्मत नाही, किंवा क्वचितच जन्मतो. त्याचा सुरवंट गारवेलीच्या आणि रताळ्याच्या पानांवर वाढतो. जाडजूड, बोटाएवढा, शेपटीशी वाकडा काटा असलेला हा सुरवंट दिसला की आपण पायाखाली चिरडतो. त्याचे दुसरे भाऊबंद अळूवर आणि कुंपणातल्या आंबटवेलीसारख्या रानवेलींवर वाढतात. पूर्ण वाढलेला सुरवंट मातीत शिरतो आणि कोष करतो. गारवेलीवरच्या जातीच्या कोषाला पाण्याच्या जगाला असावा तसा कान असतो. तो कान म्हणजे घडी घालून ठेवलेली भावी सोंड. मुलांना हा कोष एकदा सापडला की त्यांना पुढचे सांगावे लागत नाही.

म्हणजे हिशेब असा: दुधीचे फळ हवे, तर पतंग हवा, पतंग हवा, तर सुरवंट हवा, सुरवंट हवा, तर कुंपणावर गारवेल हवी आणि तिच्या बुडाशी न खणलेली माती हवी. आश्रमशाळेचे कुंपण आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधी स्वच्छता मोहिमेत साफ झाले होते. रानवेली तोडून, मुळासकट उपटून, जाळलेल्या. शिवाय मांडवालगतच्या खांबावर नवा सौर दिवा बसला होता, रात्रभर जळणारा. दिव्याभोवती पतंग घिरट्या घालतात आणि फुले बाजूला राहतात हे आपण पाहतोच. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी अंधाऱ्या कुरणांत मुद्दाम रस्त्यावरचे दिवे उभे करून याचे मोजमाप केले. २०१७ साली 'नेचर' मध्ये त्यांनी लिहिले की, दिव्याखालच्या फुलांना रात्रीच्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी कमी झाल्या. आणि ज्या एका वनस्पतीची फळधारणा त्यांनी बारकाईने मोजली तिची फळे १३ टक्क्यांनी घटली. दिवसा मधमाश्या येत होत्या, तरीही.

तर दुधी नापास होण्याला कुंपण कारण, दिवा कारण, पाऊस कारण की आमचा संध्याकाळचा फवारा? ऑगस्टच्या झडीत पतंगही उडत नाहीत आणि पाण्याने परागकण फुटतात, हेही आहे. फळे गळणे आमच्या फवाऱ्याच्या आधीच सुरू झाले होते, म्हणून सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. पण त्याने परिस्थिती सुधारली नाही हे नक्की. एका बागेतल्या एका हंगामावरून कारणांची वाटणी करता येत नाही. एवढे मात्र तपासता आले: दुसऱ्या भेटीत आम्ही संध्याकाळी साडेसहाला मुलांसह नर फुले खुडली, त्यांच्या पाकळ्या काढल्या आणि परागकण मादी फुलांच्या कुक्षीवर हलकेच टेकवले. त्यांतल्या बहुतेक फुलांनी फळ धरले. खत तेच, माती तीच. उणीव परागणाची होती.

जवळची गोष्ट न दिसण्यावरून एक विषयांतर. नंदुरबारच्या शिक्षकांना वनपिंगळा ठाऊक असेल. १८७३ साली ह्यूम याने या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नाही आणि पक्षी नामशेष झाला असे मानले गेले. मधल्या काळातला १९१४ चा एक नमुना तर चोरलेला आणि खोट्या चिठ्ठीचा निघाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. नंतरच्या पाहण्यांत तोरणमाळ आणि तळोद्याच्या जंगलांतही तो सापडला. हे घुबड दिवसाउजेडी वावरते आणि सरडे, उंदीर, मोठे कीटक खाते. एकशे तेरा वर्षे त्याच्या झाडाखालून माणसे जात-येत होतीच. रात्री येणाऱ्या पतंगाची नोंद कोणी केली नाही यात मग नवल काय?

वांझ वेल

आता कुंपणापलीकडे जाऊ. पहिल्या पावसाबरोबर सातपुड्याच्या उतारांवर जमिनीतल्या गड्ड्यातून करटोलीचे वेल फुटतात. कोणी कटुर्ली म्हणते, कोणी काटवल. श्रावणात तिची काटेरी हिरवी फळे बाजारात येतात आणि चांगल्या भावाने जातात. साहजिकच पुष्कळ घरांत जंगलातून एखादा गड्डा आणून परसात लावलेला असतो. वेल दरवर्षी वाढतो, पिवळी फुले येतात आणि फळ येत नाही. "हा वांझ आहे," असे म्हणून तो उपटला जातो.

दुधीपेक्षा करटोलीचे एक पाऊल पुढे आहे. तिच्यात नर फुले एका वेलावर आणि मादी फुले दुसऱ्याच वेलावर येतात. शहादा-नंदुरबारकडच्या पपई बागायतदाराला नर झाड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. येथे तोच प्रकार आहे. एकटा नर वेल फळणार नाही हे उघड आहे. पण एकटा मादी वेलही फळणार नाही, हे लक्षात येत नाही. आणि शेजारच्या घराने आपला 'वांझ' नर वेल उपटला, की या घरचा चांगला फळणारा मादी वेलही पुढच्या वर्षी वांझ होतो. दोष मग मातीला दिला जातो.

पानावरून नर-मादी कळत नाही, फूल यावे लागते. मादी फुलाखाली मऊ काट्यांचे इवले फळ असते. नर फुलाला ते नसते, मात्र फुलाला लागूनच टोपीसारखे एक मोठे छद असते. दहा मादी वेलांमागे एक नर वेल पुरतो असा लागवड करणाऱ्यांचा अनुभव आणि शिफारसही आहे. करटोलीची फुलेही संध्याकाळची, वासाची, पतंगांसाठीची. पतंग नसले तर दुधीप्रमाणेच हाताने परागण करावे. बिया रुजायला फार वेळ घेतात आणि रुजल्या तरी निम्मे वेल नर निघतात, म्हणून सगळेजण गड्ड्यामागे लागतात. जंगलातले गड्डे खणून परसात नर-मादीची जोडी न जमवता लावणे म्हणजे दोन्हीकडचे नुकसान. त्यापेक्षा परसातल्याच फळणाऱ्या वेलाचा गड्डा दोन-तीन वर्षांनी विभागून शेजाऱ्याला द्यावा, सोबत नर वेलाचा तुकडाही द्यावा.

कुंपणावरची रानतोंडलीही अशीच, नर वेगळा आणि मादी वेगळी. तिच्यात तर माणसाप्रमाणे एक्स आणि वाय गुणसूत्रे आहेत. फरक एवढाच की माणसाचे वाय गुणसूत्र खुजे असते आणि तोंडलीचे इतर सर्वांहून मोठे. वनस्पतींत हा प्रकार विरळा. अकरावी-बारावीच्या मुलांना सांगण्याजोगे उदाहरण आहे.

कडू दुधी

रानातून आणि शेजारून परागकण येतात तेव्हा ते फळ देतात, तसे कधी विषही देतात. हा भाग जरा सावकाश वाचावा.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला गेलेल्यांनी पाहिले असेल: अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला वाळवलेले दुधी व घुंगरू बांधून नाचणारे नवसकरी. याच भागात वाळलेल्या भोपळ्यापासून पावरीसारखी वाद्ये करतात. पाण्यासाठी, बियाण्यासाठी तुंबे ठेवतात. चुलीच्या वर टांगलेल्या तुंब्यात राखेत घोळलेले बियाणे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे, आणि कीड न लागण्याच्या दृष्टीने ती युक्ती उत्तम आहे. माणसाने दुधी लावला तो आधी भांड्यासाठी, भाजीसाठी नंतर, असे पुराव्यांवरून दिसते. अमेरिका खंडात दहा हजार वर्षांपूर्वी दुधी वापरात होता. तो आफ्रिकेतून समुद्रावर तरंगत गेला असावा असे २०१४ मधल्या जनुकीय अभ्यासावरून वाटते. कवचासाठी राखलेले वाण पुष्कळदा कडू असतात. कडूपणा ही वेलाची मूळची ढाल आहे. क्युकरबिटॅसिन नावाच्या द्रव्यांमुळे तो येतो. भाजीच्या वाणांतून माणसाने निवड करून करून तो काढून टाकला आहे.

आता समजा, एका घरी भाजीचा दुधी आहे आणि शेजारी तुंब्याचा कडू दुधी. कडव्या वेलाचे परागकण गोड्या वेलाच्या मादी फुलावर पडले. त्या वर्षीचे फळ कडू होईल का? होणार नाही. फळाचा गर हा आईच्या पेशींचा असतो, बापाचा वाटा फक्त बीमध्ये. फळ गोड निघते, आवडते, आणि घरची बाई त्यातले उत्तम फळ बियाण्याला राखते. पुढच्या वर्षी त्या बियांतून उगवलेल्या वेलाची फळे कडू निघू शकतात. दोष कोणाचाच दिसत नाही, कारण घटना घडून वर्ष लोटलेले असते. बीजोत्पादन करणारे पायाभूत बियाण्याच्या शेतात या कुळातल्या पिकासाठी एक हजार मीटरचे अंतर राखतात ते याचसाठी. पाड्यावर ते कसे जमणार? पण उपाय अंतराचाच असतो असे नाही. बियाण्यासाठी राखायचे मादी फूल आदल्या दुपारी, कळी असतानाच, फडक्याच्या पुरचुंडीत बांधावे, नर कळीही बांधावी, संध्याकाळी हाताने परागण करून पुन्हा दोन दिवस बांधून ठेवावे आणि देठाला रंगीत दोरा लावावा. बियाणे त्याच फळाचे.

कारल्याच्या शेजारी लावला म्हणून दुधी कडू झाला, हे मात्र खरे नाही. दोघांचा संकर होत नाही. पाण्याचा ताण पडला तर कडूपणा वाढू शकतो, तेवढे खरे.

कडू दुधी हा चवीपुरता प्रश्न नाही. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा सल्ला साधा होता: कडू लागलेला रस पिऊ नये, आणि पिऊन उलट्या-जुलाब सुरू झाले तर ताबडतोब दवाखाना गाठावा. शिजवल्याने हे द्रव्य नाहीसे होत नाही. यावर उतारा नाही, लक्षणांवर उपचार करावे लागतात. शाळेच्या पोषण आहारात परसबागेतला दुधी, काकडी, गिलके, दोडका वापरताना प्रत्येक फळाची देठाकडची पातळ चकती जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकावी. कडू असेल तर ते फळ टाकून द्यावे आणि त्या वेलाचे बी ठेवू नये. कुंपणावरची लाल कवंडळे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची शिवलिंगीची फळे, कडू दोडकी ही याच कुळातली. ती दाखवावीत, चाखू देऊ नयेत.

वर्गासाठी एक प्रयोग

दुधीचे परागण रात्री होते की सकाळी, हे आमच्या शब्दावर मानू नका. मच्छरदाणीच्या कापडाच्या लहान पिशव्या शिवून घ्या. मादी कळ्या उमलण्याच्या दुपारीच निवडा. काही कळ्या पूर्ण वेळ झाकलेल्या ठेवा. काही रात्रभर उघड्या ठेवून पहाटे, उजाडण्यापूर्वी झाका. काही रात्री झाकून पहाटे उघडा. काहींवर संध्याकाळी हाताने परागण करून लगेच झाका. काही अजिबात झाकू नका. प्रत्येक गटात जमतील तेवढी जास्त फुले घ्या. एका फांदीवर एक फळ आधीच वाढत असेल तर वेल पुढची फळे आपण होऊन टाकतो, म्हणून तशा फांद्या वगळा. आठ दिवसांनी किती अंडाशये फुगली ते मोजा. हाताने परागण केलेली फळे धरली आणि उघडी ठेवलेली गळाली, तर तुमच्या बागेत पाहुण्यांची टंचाई आहे. दोन्ही सारखीच धरली तर पाहुणे पुरेसे आहेत, आणि फळ कमी येण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल. नर फुले फार आणि मादी फारच थोडी असतील तर मुख्य वेलाचा शेंडा खुडून पाहा. दुधीत बाजूच्या फांद्यांवर मादी फुले अधिक येतात. 'थ्री-जी कटिंग' म्हणून हल्ली ज्याचा गाजावाजा होतो ते मूलतः एवढेच आहे.

पहाटेचे काम मोठ्यांनी करावे. कुंपणाजवळ मण्यार आणि घोणस असू शकतात. पायात बूट, हातात बॅटरी हवीच. निरीक्षणापुरता बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावला तर पतंग बिचकत नाहीत.

आणि तांबड्या भुंगेऱ्यांचे काय? ते खरे नुकसान करतात ते रोप दोन पानांचे असताना. वेल मांडवावर चढल्यावर पाने थोडी चाळणीसारखी झाली तरी वेल ते सोसतो. भल्या सकाळी हे भुंगेरे थंडीने सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. तीस मुलांच्या शाळेत तीन वेलांसाठी फवाऱ्याची गरजच नव्हती. सकाळी फवारावे की संध्याकाळी, हा प्रश्न आम्हीच उगाच निर्माण केला होता.

त्या आश्रमशाळेत आता दिव्याला मांडवाच्या बाजूने पत्र्याची आड केली आहे. कुंपणाची मागची बाजू, सुमारे पाच पावले लांबीची, साफसफाईतून वगळली आहे. तेथे गारवेल आहे, रानतोंडली आहे, टाकळा आणि कुर्डूही आहे, ज्यांची कोवळी पाने मुले भाजीला नेतात. गेल्या खेपेला त्या मुलीने आम्हाला मातीने अर्धी भरलेली बरणी दाखवली. मातीत एक तपकिरी कोष होता, कान असलेला. पतंग केव्हा निघेल, असे तिने विचारले. बरणीचे तोंड जाळीने बांध, आत एक उभी काडी रोव म्हणजे त्याला चढून पंख पसरता येतील, आणि रोज संध्याकाळी पाहा, असे आम्ही सांगितले.